तुम्ही विचारलंत म्हणून: बेलुगा मासा की देवमासा?

रशियन शिकवते असं सांगितलं की लोक पूर्वी तिथल्या थंडीबद्दल विचारायचे. नोव्हेंबर 2022 मध्ये एअरबसचं ते फुगीर कपाळाचं 'बेलुगा' विमान मुंबईत उतरलं, त्याचे फोटो सगळ्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरले, आणि तेव्हापासून प्रश्न बदलला. "अहो, बेलुगा म्हणजे ते कॅव्हिअरवालं ना? मग विमान देवमाशासारखं का दिसतं?"

कारण बेलुगा दोन आहेत. रशियनमध्ये त्यांची नावंही आज वेगळी आहेत. मासा तो 'बेलूगा' आणि पांढरा देवमासा तो 'बेलूखा'. दोन्हींच्या पोटात 'बेली' म्हणजे पांढरा हाच शब्द आहे. इंग्रजीनं एकच नाव उचललं आणि दोघांनाही चिकटवलं. आपण ते इंग्रजीकडून घेतलं, गोंधळासकट.

बेलूगा हा स्टर्जन कुळातला, कॅस्पियन आणि काळ्या समुद्रातला अवाढव्य मासा. अंडी घालायला व्होल्गासारख्या नद्यांत शिरतो. 1827 मध्ये व्होल्गाच्या मुखाशी सापडलेल्या एका माशाचं वजन 1571 किलो भरल्याची नोंद आहे, लांबी सात मीटरच्या वर. त्याच्या अंड्यांची कॅव्हिअर जगात सगळ्यात महाग मानली जाते, आणि त्यापायीच बिचारा नामशेष व्हायच्या बेतात आहे. परदेशात काळ्या मसुराला 'बेलुगा' म्हणतात तेही या कॅव्हिअरच्या दाण्यांवरून. बेलूखा थेट उत्तरेची, आर्क्टिक समुद्रातली. पिल्लू जन्मतं तेव्हा राखाडी असतं, मोठं होता होता पांढरं पडतं.

दोन्ही शब्दांत फरक एका अक्षराचा, पण हा 'ख' आपला नाही. आपण 'ख' म्हणताना जीभ मागे टाळूला टेकवतो. रशियन 'ख'मध्ये ती टेकत नाही, नुसती जवळ जाते आणि हवा घासत बाहेर पडते. वर्गात मी सांगते, चष्मा पुसण्याआधी काचेवर वाफ सोडता ना, तशी सोडा, फक्त थोडी घशातून. पहिल्या आठवड्यात सगळा वर्ग सर्दी झाल्यासारखा वाटतो.

पण खरी गंमत एका वाक्प्रचारात आहे. 'रेवेत बेलूगोय', म्हणजे बेलूगासारखं रडणं, मोठ्यानं गळा काढून. यातलं 'सारखं' रशियनमध्ये वेगळं सांगावं लागत नाही. ज्याच्यासारखं, त्याचं नाव तृतीयेत घातलं की झालं. नाइटिंगेलसारखं गोड गाणं, लांडग्यासारखं रागानं बघणं, बाणासारखं सुसाट जाणं, सगळं याच विभक्तीत. आमच्या विद्यार्थ्यांना 'रामाने', 'चाकूने' पाठ असतं, 'बेलूगाने रडली' मात्र घशाखाली उतरत नाही.

माझ्याही उतरला नव्हता, पण तो विभक्तीमुळे नव्हे. शिकत असताना एका उताऱ्याचं मराठीतून रशियन करायचं होतं. तरुण मुलाचं प्रेत दारात येतं आणि आई हंबरडा फोडते. मी शब्दकोशात 'मोठ्यानं रडणे' शोधलं, बेलूगा सापडला, ऐटीत लिहून दिला. बाईंनी वही वाचली, ओठ घट्ट मिटले, तरी हसू फुटलंच. मला कळेना काय चुकलं. त्या म्हणाल्या, "अगं, तुझ्या आईनं इथे भोकाड पसरलंय."

बरोबर होतं त्यांचं. बेलूगासारखं रडणारी माणसं तशी मोठीही असतात, पण सांगणाऱ्याच्या आवाजात थोडी अतिशयोक्ती, थोडी थट्टा असते. फुगा फुटला म्हणून पोर बेलूगासारखं रडतं. सिनेमा बघून आले आणि बेलूगासारखी रडले, असं बाई स्वतःबद्दल हसत सांगते. दुसऱ्याच्या दारातल्या प्रेतापाशी हा मासा आणायचा नसतो. शब्दकोशात अर्थ अगदी बरोबर दिला होता, एवढंच काय ते लिहिलं नव्हतं.

आता तुमचा पुढचा प्रश्नही मला माहीत आहे. मासा रडतो कुठे?

रडत नाहीच. बेलूगा मुका. आवाज करते ती बेलूखा, आणि इतका करते की जुने दर्यावर्दी तिला समुद्रातली कॅनरी म्हणायचे. पूर्वी दोन्ही नावं एकमेकांत मिसळून वापरली जायची, देवमाशालाही बेलूगा म्हणत. पुढे प्राणिशास्त्रज्ञांनी वाटणी केली: 'ग' माशाला, 'ख' देवमाशाला. वाक्प्रचाराला कुणी कळवलं नाही. नकाशालाही अर्धवटच कळवलं. आर्क्टिकमधल्या नोवाया झेम्ल्या बेटांवरच्या मुख्य वस्तीचं नाव 'बेलूश्या गुबा', म्हणजे बेलूखांचं आखात, हे नव्या नियमाला धरून. पण पांढऱ्या समुद्रातल्या सोलोवेत्स्की बेटांवर ज्या टोकापाशी दर उन्हाळ्यात बेलूखा पिल्लांसह येतात, ते 'बेलूझी' टोक. हे रूप व्याकरणानं माशाचं आहे, आणि तिथे मासा औषधालाही नाही. अर्थात ज्या भाषेनं देवमाशाला 'मासा' ठरवलं, तिच्यात वाढलेल्या मी यावर फार हसू नये.

लिंगाचा घोळ आणखी निराळा. दोन्ही शब्द स्त्रीलिंगी. 2019 मध्ये नॉर्वेच्या किनाऱ्यावर अंगाला पट्टा बांधलेला एक पांढरा देवमासा आला, रशियाचा हेर म्हणून जगभर गाजला. देवमाशाला नॉर्वेजियनमध्ये 'ह्वाल' म्हणतात, त्याला पुतिन यांचं 'व्लादिमीर' जोडून नाव पडलं ह्वाल्दिमीर. 2024 मध्ये तो मेला. वर्गात मी विचारलं, बेलूखा ह्वाल्दिमीर 'मेला' लिहाल की 'मेली'? निम्मा वर्ग इकडे, निम्मा तिकडे. मागच्या बाकावरून उत्तर आलं, "मॅडम, आपल्याकडे पालीचा नवरासुद्धा पालच असतो."

या प्राण्याच्या कानाबद्दलची एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. 1985 च्या हिवाळ्यात रशियाच्या ईशान्य टोकाला, चुकोत्काजवळच्या सेन्याविन सामुद्रधुनीत दोन-तीन हजार बेलूखा बर्फात अडकल्या. श्वास घ्यायला उरली होती ती मोकळ्या पाण्याची थोडी डबकी. 'मोस्क्वा' नावाच्या बर्फफोड्या जहाजानं वाट फोडली, पण त्या जहाजामागे येईनात. मग खलाशांनी ध्वनिवर्धकावर संगीत लावलं, निरनिराळं लावून पाहिलं, आणि शास्त्रीय संगीतावर त्या हळूहळू मागे निघाल्या.

ही गोष्ट सांगितली की मी बेलूखांचं ध्वनिमुद्रण लावते. शिट्ट्या, किलबिल, दाराच्या बिजागरीसारखी करकर. मुलांची निराशा होते, त्यांना डरकाळी हवी असते. पण थोडं थांबलं की मध्येच एक लांब, जाड, खालचा सूर येतो. गेल्या वर्षी तो आल्यावर साताऱ्याकडची एक मुलगी चटकन म्हणाली, "मॅडम, ही हंबरतेय."

मी ध्वनिमुद्रण मागे नेलं आणि तेवढाच तुकडा पुन्हा लावला.