तुम्ही विचारलंत म्हणून: भिंत हलली कुठे?

ठाण्यात, नौपाड्यात मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. कार्य आणि ऊर्जा सुरू झालं की एक प्रश्न ठरलेला, हल्ली पालकसुद्धा विचारतात. पोहणारा तलावाच्या भिंतीला पाय टेकवून रेटा देतो नि सुसाट सुटतो. त्याला ढकललं भिंतीनं. तरी भिंतीनं केलेलं कार्य, म्हणजे बल गुणिले अंतर, म्हणे शून्य! मग गतिज ऊर्जा आली कुठून?

कबूल करते, सुरुवातीला मी हे चुकीचंच शिकवत होते. फळ्यावर आकडे मांडायचे: वस्तुमान ६० किलो, भिंतीचं सरासरी बल ३०० न्यूटन, पाय सरळ होईतो अंग सरकलं ०.४ मीटर, पाण्याचा अडथळा सोडून द्या. ३०० गुणिले ०.४ म्हणजे १२० ज्यूल, त्यावरून वेग सेकंदाला २ मीटर. उत्तर बरोबर. ‘म्हणजे भिंतीनं १२० ज्यूल कार्य केलं,’ असं म्हणाले, तर मागून आवाज, ‘मॅडम, पण भिंत हलली कुठे?’

मी वेळ संपली म्हणून क्लास सोडला.

घोळ त्या ०.४ मीटरमध्ये आहे. तेवढं सरकलं ते शरीराचं वस्तुमानकेंद्र, बेंबीच्या आसपासचं. भिंतीचं बल लागतं तळव्यावर, आणि भिंतीला टेकलेला असेतो तळवा जागचा हलत नाही. बल जिथे लागतं ती जागाच सरकली नाही, तर कार्य कसलं? माझं गणित न्यूटनच्या दुसऱ्या नियमातून आलेलं, त्यामुळे वेग बरोबर निघतो. ऊर्जा कोणाच्या खिशातून गेली, हे मात्र त्यातून कळत नाही.

ती गेली मांड्या-पोटऱ्यांच्या स्नायूंतून, म्हणजे सकाळच्या पोह्यांतून. स्नायू खर्चलेल्या ऊर्जेचा जेमतेम पाव भाग कामी लावतात, बाकीची उष्णता. म्हणजे १२० ज्यूलसाठी पाचशेच्या आसपास. पोह्यांतल्या एका शेंगदाण्याचा विसावा हिस्साही पुरे.

मग भिंत कशाला हवी? संवेगासाठी, म्हणजे वस्तुमान गुणिले वेग, जो बाहेरच्या बलाशिवाय बदलत नाही. ३०० न्यूटन, ०.४ सेकंद, संवेग १२०. तेवढाच उलटा संवेग भिंतीमार्फत पृथ्वीला मिळतो. ती एवढी अवजड की तिच्या वाट्याची ऊर्जा धरायचीच नाही. हवेत लोंबकळून पाय कितीही झाडा, पोहे तेच, स्नायू तेच, पण बाहेरून रेटा नाही.

कार्याची ही व्याख्या फ्रेंच शास्त्रज्ञ कोरिऑलिसनं १८२९ साली रुजवली, आणि त्यासाठी रोजच्या श्रमाचाच फ्रेंच शब्द उचलला. आपणही ‘काम’ आणि ‘कार्य’ यांत गोंधळतो, त्यात नवल नाही.

खरी गंमत लोकलमध्ये. ठाण्याहून कळव्याकडे गाडी ताशी ३६ किलोमीटरनं चाललीये. एक पोरगा चाकांच्या बॅगेवर बसून मागच्या पत्र्याला लाथ मारून पुढे सुटतो, वजन, जोर, वेळ वरचेच. डब्यातल्यांना १२० ज्यूल दिसतात. रुळांशेजारी उभ्या माणसाला त्याचा वेग १० वरून १२ झालेला दिसतो, म्हणजे १३२० ज्यूलची वाढ! त्यातले १२०० त्या पत्र्याचे, कारण या माणसाच्या लेखी पत्रा ०.४ सेकंदांत ४ मीटर पुढे गेला, ३०० गुणिले ४. उरलेले १२० स्नायूंचेच.

म्हणून हल्ली ‘भिंतीचं कार्य शून्य’ याच्यापुढे मी ‘भिंत स्थिर दिसते तिथून पाहिलं तर’ असं लिहिते. मुलं तेवढं सोडून बाकीचं वहीत उतरवतात.