तिसरी चौकट

मृग लागला की बेळगावात आभाळ दिसायचं बंद होतं. तरी आमच्या शहापुरातल्या घरी पावसाळाभर आकाशदर्शन चालू असतं, कारण पुतणीने लॅपटॉपवर चंद्रा दुर्बिणीचा डेटा उतरवून घेतलाय. १९९९ साली अवकाशात गेलेल्या या क्ष-किरण दुर्बिणीला सुब्रह्मण्यन चंद्रशेखरांचं नाव आहे, आणि तिची जुनी निरीक्षणं कुणालाही फुकट मिळतात. वीज गेली तर तेवढं इन्व्हर्टरचं बघायचं.

सध्या मुक्काम ययाती तारकासमूहातल्या दीर्घिकांच्या गुच्छात आहे. तिथला कोट्यवधी अंश तापलेला वायू मध्यभागी दाट आणि कडेला विरळ होत जातो. ही उतरण ‘बीटा मॉडेल’ नावाच्या सूत्रात बसवायची. काम ‘शेर्पा’ नावाचं सॉफ्टवेअर करतं. सूत्र डेटाशी किती जुळलं ते सांगणारा आकडा बघून पुतणी खूश असते, ‘काका, फिट बरं आलंय की!’ मी जुना गणिताचा मास्तर, माझा आकड्यावर एवढा भरवसा नाही. चित्र दाखव म्हणतो.

मग एका आज्ञेसरशी डीएस-नाइन या चित्रं दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या खिडकीत तीन चौकटी उघडतात. पहिलीत दुर्बिणीने पाहिलेलं, ठिपक्याठिपक्यांचं. दुसरीत मॉडेल, इतकं गुळगुळीत की खोटं वाटावं. तिसरीत पहिल्यातून दुसरं वजा करून जे उरलं ते. येळ्ळूरचं बासमती पाखडताना सुपात उरतं ते आपण घरात नेतो आणि उडालेला कोंडा विसरतो. इथे नेमकं उलटं, जीव सगळा उडालेल्यात. मॉडेल म्हणजे आपल्याला आधीच ठाऊक असलेलं. ते काय बघायचं?

एक गोम आहे. प्रत्येक चौकटीची रंगपट्टी वेगळी राहिली, तर तिसरीतला किरकोळ खरखराटही डोंगराएवढा दिसतो. शिवाय जिथे प्रकाश जास्त तिथे चढउतारही जास्त, म्हणून नुसती वजाबाकी मध्यभागी उगाच भडक होते. ती त्या त्या जागी अपेक्षित असलेल्या चढउताराने भागून घेतली की मग बोलायला तोंड.

एवढं सगळं केल्यावरही केंद्राजवळ दोन काळे खळगे उरतात. एनजीसी १२७५ या दीर्घिकेतल्या कृष्णविवराच्या झोतांनी तिथला वायू बाजूला ढकललाय, त्या पोकळ्या. एकूण आकडा बरा असला म्हणून काय झालं; गोल उतरणीच्या सूत्रात खळगा बसणार कसा? उलट त्या खळग्यांपायी सगळं मॉडेलच थोडं खाली ओढलं जातं, आणि भोवतीचा भाग आहे त्याहून उजळ भासतो.

मी म्हटलं, तेवढा भाग झाकून पुन्हा फिट कर. पुतणीने खळग्यांभोवती दोन लंबवर्तुळं आखली, ती वगळायला सांगितली आणि म्हणाली, ‘आता बीटा एक नको काका, दोन घेऊ या. मध्याला एक, बाहेरला एक.’