आटलेल्या तलावातली कासवे

भंडारा जिल्ह्यातील एका ग्रामीण पशुवैद्यकीय दवाखान्यात मी काम करतो. मे महिन्यात आमच्याकडे येतात त्या उन्हाने आडव्या झालेल्या म्हशी आणि प्लास्टिक खाऊन पोट फुगलेल्या गाई. त्यामुळे वनरक्षकाने फोन करून, मामा (म्हणजे माजी मालगुजारी) तलावाचा गाळ काढताना जेसीबीच्या बकेटमध्ये कासवे आली आहेत, असे सांगितले, तेव्हा माझ्या पेटीत गुरांच्या मापाच्या सुया तेवढ्या होत्या.

माजी मालगुजारी तलावांतला गाळ काढू नये, असे माझे मुळीच म्हणणे नाही. १९५० च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जुनी जमीनदारी, गेली, तलाव सरकारकडे आले आणि पाळीची (तलावाच्या बांधाची) व गाळाची काळजी घेणारे हात हळूहळू कमी झाले. २०१७ पासून गाळ काढून शेतात टाकण्याची योजना सुरू आहे आणि धानाच्या बांध्यांना तो गाळ मानवतोही. परंतु यंत्र उतरवायचे तर तलाव आटलेला हवा, आणि ज्याला शास्त्रात लिसेमिस पंक्टाटा म्हणतात ते मऊ पाठीचे कासव तलाव आटल्यावर त्याच गाळात पुरून घेऊन पावसाची वाट पाहते. घनमीटरच्या हिशेबात कोरडा तलाव रिकामा धरला जातो. प्रत्यक्षात तो रिकामा नसतो.

मी पोहोचलो तेव्हा दोन कासवे मेलेली होती, चार बाहेरून धडधाकट दिसत होती आणि एका मादीच्या पाठीला बकेटच्या दातामुळे तडा गेला होता. भोवती जमलेल्या मंडळींना त्या तड्याशी काही देणेघेणे नव्हते; त्यांना नखे मोजायची होती. वीस नखांचे कासव पैशाचा पाऊस पाडते, या खुळापायी विदर्भात किती कासवे पोत्यांत भरून फिरवली गेली असतील, कोण जाणे. मी एकेक पाय ओढून दाखवला : प्रत्येक पायाला तीन, एकूण बारा. गर्दी निम्मी झाली. हे कासव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, हे ऐकून उरलेली पांगली.

कासवाची पाठ म्हणजे वरून चढवलेले कवच नव्हे. बरगड्या आणि मणके मिळूनच ती बनलेली असते आणि तिच्या लगेच खाली फुप्फुसे असतात. मादीच्या तड्यातून श्वासागणिक बुडबुडे येत होते. गाईच्या छातीला असे भोक पडले असते तर फुप्फुस आकसले असते. कासवाला आपल्यासारखा श्वासपटल नसतो, पायांच्या मुळाशी असलेल्या स्नायूंनी ते श्वास ओढते, म्हणून ते तग धरते. कठीण पाठीच्या कासवाला इपॉक्सीचा लेप देता येतो, इथे मात्र हाडावर कातडी असल्याने तो मार्ग बंद होता. सलाइनने हलक्या हाताने धुणे, पोव्हिडोन आयोडीन, वर ओलसर जाळीची पट्टी आणि शहरातल्या माणसांच्या औषध दुकानातून मागवलेले सेफ्टाझिडिम हे प्रतिजैविक, तेही रोज नव्हे, तर दर ७२ तासांनी, कारण या प्राण्याचे शरीर औषधही सावकाशच वापरते. इंजेक्शन पुढच्या पायात दिले. मागच्या पायातले रक्त मूत्रपिंडातून फिरून जाण्याची शक्यता असते. एवढे करून ती रात्र काढील, असा भरवसा मला नव्हता. तिने ती काढली.

खरा वाद धडधाकट चौघांवरून झाला. नागपूरहून आलेल्या एका उत्साही प्राणिमित्राला पाळीजवळचा ओलसर कोपरा पूर्ण उकरून सगळी कासवे वैनगंगेत सोडायची होती. छायाचित्रासाठी ते उत्तमच होते. तलावावर मासेमारी करणारे एक वयस्क ढिवर काका काठीने गाळ टोचत फिरत होते. काठी कुठे अडते यावरून त्यांनी आणखी काही जागा दाखवल्या आणि म्हणाले, “हा कोना सोडून द्या जी. पानी आला का हे आपसूकच निंगतेत.” मला त्यांचे पटले. सुस्तावलेल्या प्राण्याला वाहत्या नदीत टाकणे म्हणजे सुटका नव्हे. चौघांना त्याच कोपऱ्यात, सावलीच्या बाजूला, पुन्हा गाळाखाली ठेवले.

कोपरा राहिला, पण शेतकरी नाराज झाले, आणि ते चूक आहेत असे मला म्हणवत नाही. त्यांच्या वाट्याच्या ट्रॉल्या कमी झाल्या. शिवाय कंत्राटदाराने बाकीचा काठ भिंतीसारखा उभा कापला आहे. अंडी घालायला कोरड्या जमिनीवर चढावे लागणाऱ्या प्राण्याला उतरता काठ हवा, आणि अंदाजपत्रकात उताराची ओळ होती. मोजमाप घेणाऱ्याने ती पाहिली नाही किंवा पाहूनही सोडून दिली. मादीचा तडा भरला की तिला कुठे सोडायचे, हा प्रश्न त्यामुळेच अडला आहे. तलाव तिचाच आहे, पण आता तीन बाजूंनी तिला वर येता येणार नाही.

यंत्र उतरण्यापूर्वी काठीने तपासणी व्हावी, ती स्थानिक मासेमारांकडून आणि मजुरी देऊन व्हावी, आणि एका बाजूचा गाळ दर वर्षी आळीपाळीने राखून ठेवावा, असे पत्र मी संबंधित कार्यालयाला दिले आहे. त्याची पोच मिळाली आहे. शेरा अजून आलेला नाही, आणि पुढच्या उन्हाळ्याच्या यादीत आमच्या तालुक्यातले आणखी तलाव आहेत.