आजीला पटलं की सीट बसते

अमेरिकेत डॅलसला राहायला आल्यापासून मी अधूनमधून चर्चच्या आवारात कार सीट, म्हणजे गाडीत लहान मुलांसाठी बसवायची पट्ट्यांची वेगळी सीट, तपासायला मदत करते. येणारी बहुतेक कुटुंबं मेक्सिकन. मुलांना कार सीटमध्ये बसवत नाहीत म्हणजे त्यांना मुलांची काळजी नाही, असं कुणी म्हणालं की मला राग येतो. बाळ कुणाच्या ना कुणाच्या कडेवर असतंच, खाली ठेवायला कुणी तयार नसतं. अशा घरात रडणाऱ्या लेकराला मागच्या सीटवर एकटं बांधून ठेवायचं म्हणजे आईच्या जिवावर येतं. आईची मांडी सगळ्यांत सुरक्षित वाटते, आणि बाकी देवाच्या हाती. पण धडक बसली की कुठल्याही आईच्या हातांना बाळ धरून ठेवता येत नाही.

इथल्याच वेस्ट डॅलसमध्ये 1997 साली पाहणी झाली, तेव्हा हिस्पॅनिक, म्हणजे मूळच्या स्पॅनिश बोलणाऱ्या घरांतली, शाळेआधीच्या वयाची जेमतेम 19 टक्के मुलं कार सीटमध्ये होती. उरलेल्या शहरात 62 टक्के. मग स्पॅनिश बोलणारी माणसं वस्तीत गेली, वर्ग घेतले, कमी पैशांत सीट दिल्या. मला सगळ्यांत भावलं ते हे, की पाद्र्यांनी त्या सीटना आशीर्वाद दिले. श्रद्धेशी वाद न घालता तिलाच सोबत घेतलं. 2000 साली प्रमाण 73 टक्क्यांवर गेलं होतं.

आमच्याकडे येणाऱ्या घरांत शेवटचा शब्द आजीचा असतो. म्हणून सीट मी आजीलाच बसवायला सांगते. सीटवर गुडघ्याने भार द्यायचा, गाडीचा पट्टा खेचायचा, मग पट्टा जातो तिथे धरून हलवून पाहायचं. एक इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. बाळाच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत येत असेल तर तो सैल आहे. छातीवरची क्लिप काखेच्या रेषेत हवी. बाळाचं जाड जॅकेट आधी काढायचं. एकदा एका आजींनी सीट गदागदा हलवली, ती जागची हलली नाही, तेव्हा त्यांनी स्वतःच सुनेला बोलावून दाखवलं.

आपल्याकडेही 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194ब प्रमाणे चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा सीटविना नेलं तर 1000 रुपये दंड आहे. तरी बाळ पुढे आजोबांच्या मांडीवरच दिसतं. घरात बाळ येणार असेल तर सीट आत्ताच घ्या, आणि ती बसवताना आजी-आजोबांना हाताशी घ्या.