फोंड्यातली रास्पबेरी: जुलै ते ऑक्टोबर

जात म्हैसूर रास्पबेरी, रुबस निवियस. युरोपातल्या लाल रास्पबेरीला लांबलचक थंडी लागते, गोव्यात तिचा विचारही नको.

११ जुलै. खालची पानं पिवळी. पावसाने नत्र धुऊन नेलं असणार म्हणून घमेलंभर शेणखत ओतलं. (गाढवपणा.)

२० जुलै. पिवळेपणा वर चढला, दोन फांद्यांनी माना टाकल्या. पायाखाली चिखल आणि झाड तहानलेलं! तेव्हाच उमगायला हवं होतं. मी मात्र मावा शोधत पानं उलटीपालटी करत बसलो. शेजारच्या कुळागरातले (म्हणजे सुपारी-मिरीच्या बागेतले) काका कुंपणावरून म्हणाले, "अरे, वर काय बघतोस? मुळं बघ."

२३ जुलै. उघडीप मिळताच उकरलं. मुळं तपकिरी, चिमटीत धरून ओढलं की साल मोज्यासारखी निघते, आत नुसता दोरा. बुडाशी साल खरवडली तर हिरवट-पांढऱ्याऐवजी विटकरी रंग. मूळकूज, लक्षणं फायटोफ्थोरा या बुरशीसारख्या जिवाची. सुपारीचा कोळेरोग आणि मिरीची मर याच्याच भावंडांची करणी, म्हणून काकांना लांबूनच ओळख पटली. ही खरी बुरशी नव्हेच. हिचे बीजाणू साचलेल्या पाण्यात पोहत मुळं गाठतात. माझा वाफा न्हाणीच्या चराला लागून, हातभर खाली जांभ्याचा कातळ. पाणी जाणार कुठे? वर शेणखताने ओल धरून ठेवली ती वेगळीच.

चर वळवला. मेलेल्या फांद्या जमिनीलगत कापून जाळल्या, कंपोस्टात टाकल्या नाहीत. मिरीला देतात तसं कॉपर ऑक्सिक्लोराइड (तांब्याचं बुरशीनाशक) बुडाशी ओतलं, लिटरला २ ग्रॅम. ट्रायकोडर्मा ही रोगाशी लढणारी मित्रबुरशी त्याच दिवशी घालू नका, तांबं तिलाही मारतं. शिवाय एका निरोगी, लोंबत्या फांदीचा शेंडा नव्या मातीच्या कुंडीत पुरून वर चिऱ्याचा तुकडा ठेवला. या जातीचे शेंडे जमिनीला टेकले की मुळं धरतात.

चवथीच्या आदल्या दिवशी मूळ झाड गेलं. औषधाला दोष नाही, मीच बारा दिवस उशिरा खणलं. कुंडीतल्या शेंड्याला मात्र पांढरीशुभ्र मुळं होती. फांदी कापून रोप सुटं केलं.

१४ ऑक्टोबर. चिरे रचून दीड फूट उंच वाफा केला, जुन्या जागेपासून लांब, कारण तो रोग मातीत वर्षानुवर्षं दबा धरून राहतो. जाड रेती, तांबडी माती, निंबोळी पेंड, आणि आता ट्रायकोडर्मा. रोपाला नवी सात पानं. ऊन तापू लागलंय, म्हणून रोज सकाळी पानांच्या पाठी भिंगाने बघतो. लाल कोळी (पानांचा रस शोषणारी बारीक कीड) अजून तरी नाही.