बागेत बसून मी काय करते

पाहुणे बोलावण्याआधी नळाची पाळी कधी आहे हे पाहावे लागते, अशा लातुरात अंगणात बाग कशाला, आणि त्या बागेत रोज पहाटे तासभर नुसते बसून तुम्ही करता तरी काय, हे दोन प्रश्न मला इतक्या वेळा विचारले गेले आहेत की आता ते जोडीनेच येतात. हल्ली त्यांत ‘माइंडफुलनेस’ या शब्दाची भर पडली आहे. तुम्ही पुन्हा विचारलेत, म्हणून एकदाचे लिहूनच टाकते. दर वेळी हसून वेळ मारून नेण्याचा मला कंटाळा आला आहे.

मी ध्यान करत नाही. डोळे मिटत नाही, श्वास मोजत नाही. पहाटे बाहेर बसण्याची सवय मुळात भीतीने लावली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि त्यानंतर बरेच दिवस आमच्या गल्लीत छताखाली झोपायला कोणी धजत नव्हते. लोक हळूहळू घरात परतले. मी मात्र उजाडण्याआधी अंगणात येऊन बसत राहिले. तेव्हा तिथे तुळस आणि कढीपत्त्याचे एक रोप, एवढेच होते. त्यामुळे मनःशांतीसाठी मी बाग केली, असे माझ्याबद्दल कोणी सांगत असेल तर ते खरे नाही.

बसल्यावर मन शांत होते का? कधी होते. पुष्कळदा पेन्शनचे कागद, मुलीची बदली, गुडघे हे सारे डोक्यात चालूच असते. फक्त पाणी घालण्यापूर्वी माती पाहावी लागते आणि आमची काळी माती फसवी आहे. वरून ती भेगाळलेली दिसते, पण दोन पेरांवर ओल असते. म्हणून मी प्रत्येक झाडाच्या बुडाशी बोट खुपसून पाहते आणि ओल लागली की त्या झाडाला त्या दिवशी पाणी देत नाही. हे करताना दुसरे काही सुचत नाही, हे मला पुष्कळ उशिरा लक्षात आले. ज्याला तुम्ही माझी शांतता म्हणता ती बहुधा एवढीच आहे, आणि ती टंचाईने शिकवली आहे. पाणी मुबलक असते तर मीही पाइप सोडून घरात निघून गेले असते.

आता २०१६ च्या उन्हाळ्याविषयी, जो मी आजवर कोणाला नीट सांगितलेला नाही. लातूरला पाणी पुरवणारे मांजरा धरण कोरडे पडले होते आणि आमची बोअर त्याआधीच बंद पडली होती. पाणी भरण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून मार्चमध्येच जमावबंदीचे आदेश निघाले होते. १२ एप्रिलला पहाटे मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली : दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. देशभरातल्या वर्तमानपत्रांत तिची छायाचित्रे छापून आली. त्याच सुमारास माझा मोगरा फुलला.

मोगऱ्याला ताण मानवतो. मोसंबीवाले ‘आंबे बहारा’साठी, म्हणजे थंडी सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, झाडाचे पाणी तोडतात, त्याच न्यायाने थंडीत पाणी आवळले की मोगरा उन्हाळ्यात कळ्यांनी लगडतो. मी त्याला तांदूळ धुतलेले आणि धुण्याचे शेवटचे पाणी तेवढे देत होते, बुडाशी पाचोळ्याचा जाड थर होता, आणि गुलाब तर मी डोळ्यांदेखत वाळू दिले होते. पण हे सगळे वासावरून कळत नाही. संध्याकाळी तो गल्लीभर पसरला. त्या दिवशी टँकर आला नव्हता. शेजारच्या वहिनी रिकामी घागर घेऊन परतत होत्या, त्या आमच्या फाटकाशी थांबल्या आणि आवाज न चढवता म्हणाल्या, “बाई, इथं लेकरांना घोटभर मिळंना, अन् तुमच्याकडं मोगरा फुलूलालाय.” धुण्याच्या पाण्याची बादली तिथेच, त्यांच्या नजरेसमोर होती. तिच्याकडे बोट दाखवणे मला सहज जमले असते. वर्गात चाळीस पोरांना गप्प करणारी बाई मी, पण तोंडातून शब्द फुटला नाही. घागर भरून देते म्हटले, तर “राहू द्या” म्हणून त्या निघून गेल्या.

पुढे तो उन्हाळा संपेपर्यंत मी रात्री दहानंतर, दिवा न लावता, चोरासारखी झाडांना पाणी घालत होते. आणि खरे सांगायचे तर, ज्या एकाग्रतेबद्दल तुम्ही मला विचारता ती मला सर्वांत जास्त त्याच रात्रींत लाभली. एक तांब्या इथे, अर्धा तिथे. अंधारात मातीवर पाणी पडल्याचा आवाज ऐकूनच किती पडले ते ठरवायचे. ही गोष्ट मला आजही सोयीची वाटत नाही.

तेव्हाची मी म्हणत असे की हे वापरलेलेच पाणी आहे, त्यात कोणाचा वाटा गेला? आताची मी तिला विचारते, की त्या उन्हाळ्यात वापरलेल्या पाण्यालाही मोल नव्हते का. संडासात टाकायला ते कोणत्याही घराला हवेच होते. त्यावर ती उलट विचारते, मग कढीपत्ताही मारायचा होता का, ज्याची पाने निम्मी गल्ली न विचारता तोडून नेते? इथवर येऊन आम्हा दोघींचे बोलणे थांबते.

त्याच वर्षी परतीच्या पावसात मांजरा भरले आणि माझ्या बागेतल्या पाण्याचा विषय कोणी काढेनासे झाले. धरण भरलेले असले की लोक मला शांततेबद्दल विचारतात, आटले की पाण्याबद्दल विचारतात. मला हा एकच प्रश्न वाटतो, आणि अर्धाच विचारणाऱ्यांचा राग येतो. छतावरचे पाणी गाळून बोअरमध्ये सोडण्याची सोय मी नंतर करून घेतली आहे. तिने वहिनींना उत्तर मिळाले असे मी मानत नाही. पुढचा दुष्काळ पडला तर मोगऱ्याला पाणी घालाल का, हे मात्र आज विचारू नका. घालीन, असेच तोंडून निघेल.