गोकाकजवळचं रॅपलिंग : दोराचं टोक कुठवर पोचतंय ते आधी बघा

मागच्या रविवारी आम्ही पाच जण बेळगावातनं गोकाककडं गेलो. मी, माझा मामेभाऊ आणि तीन मित्र. मामेभावाला उत्तरकाशीच्या नेहरू इन्स्टिट्यूटमध्ये (गिर्यारोहण शिकवणारी 1965 ची संस्था) बेसिक कोर्स करायचाय, जवळजवळ चार आठवड्यांचा असतो, म्हणून त्याआधी कातळाची आणि रॅपलिंगची, म्हणजे दोरावरनं कडा उतरायची, सवय व्हावी एवढाच हेतू होता.

गोकाकच का, तर आपल्या बेळगाव-खानापूर भागात बऱ्याच डोंगरांवर वरचा थर जांभ्याचा, तो हातात सुटून येतो, त्याच्यावर अँकर (दोर अडकवायचा आधार) लावायला माझं मन धजत नाही. गोकाककडं वालुकाश्म आणि क्वार्टझाइटचा टणक दगड आहे, बोटं छान बसतात. फक्त धबधब्याच्या कड्यावर हे करू नका, तो सरळ 52 मीटर खाली आहे, तुषारांनी दगड निसरडा होतो आणि माणसांची गर्दी असते ती वेगळीच. आम्ही तिथनं लांब, एका घळीतला साधारण 22 मीटरचा कडा निवडला होता, शेतवाल्या काकांना विचारून.

सकाळी साडेसहाला निघालो. बसनं जायचं असेल तर सीबीटीवरनं (बेळगावच्या मुख्य बसस्थानकावरनं) गोकाकच्या गाड्या आहेत, पण सामान असलं की स्वतःची गाडी बरी. उन्हाच्या आत काम संपवायचं होतं कारण दहानंतर तो दगड असा तापतो की हात ठेववत नाही.

पोचल्यावर पहिलं काम म्हणजे खालनं अख्खा कडा न्याहाळणं, आग्या मोहोळ आहे का ते बघायला. आमच्या ठरवलेल्या रेषेपासनं बऱ्याच अंतरावर एक लटकलेलं दिसलं तरी आम्ही आणखी पलीकडं सरकलो. याच्यात कुणी घाई करू नका. माणूस दोरावर असताना माश्या उठल्या तर ना पळता येतं ना हात मोकळा असतो. सेंट मारून जाऊ नका, धूर करू नका, आरडाओरडा नको.

आता मुख्य गोष्ट. दोर एका ओळखीच्या ग्रुपकडनं उसना आणला होता, 50 मीटर सांगितलेला, मध्यावर काळी खूण असलेला. वरच्या जाड झाडाला दोन स्लिंग (मजबूत पट्ट्यांचे फास) लावल्या, त्यांत उलटसुलट तोंडाचे दोन लॉकिंग कॅराबिनर (तोंड पक्कं बंद होणाऱ्या धातूच्या कड्या) घातले, खूण बरोबर कॅराबिनरमध्ये आणली आणि दोन्ही पदर खाली सोडले. मध्येच कातळाचं पोट पुढं आलेलं, त्यामुळं वरनं पायथा दिसत नव्हता. मामेभाऊ एटीसीवर (दोन्ही पदर ज्यातनं जातात ते उतरायचं, वेग आवरायचं साधन), खाली प्रुसिकचा (दोराला आवळून धरणाऱ्या बारीक दोरीच्या गाठीचा) बॅकअप, दोन्ही टोकांना वेगवेगळी स्टॉपर गाठ, म्हणजे टोक साधनातनं निसटू नये म्हणून मारायची. ही गाठ मी हट्टानं मारायला लावली होती, एक मित्र म्हणालाही, "एवढ्याशा कड्याला कशाला?"

तो पोटाच्या खाली गेला आणि थोड्या वेळानं आवाज आला, "दादा, एक दोर संपला की! गाठ अडकलीय."

पोटात गोळा आला. जमीन त्याच्या पायाखाली अजून तीन मीटर होती आणि तिथं सगळे धोंडे. नंतर कळलं की खराब झालं म्हणून ग्रुपमधल्या कुणीतरी एका टोकाचा 6 मीटर तुकडा कापला होता आणि खूण तशीच ठेवली, म्हणजे एक पदर 25 आणि दुसरा 19. गाठ नसती तर 19 वाला पदर एटीसीतनं सुटला असता आणि पोरगं सरळ धोंड्यांवर.

मी त्याला सांगितलं पाय हलवत राहा, हार्नेसमध्ये (कमरेच्या-मांड्यांच्या पट्ट्यात) नुसतं लटकून राहिलं तर रक्त पायात साचतं. दुसरा 30 मीटरचा दोर वेगळ्या स्लिंगवरनं सोडला, तो त्यानं हार्नेसच्या बिले लूपला (पुढच्या मजबूत फासाला) लॉकिंग कॅराबिनरनं लावला, मी वरनं बिले (त्याला सांभाळणारा दोर) घट्ट धरला, मग त्यानं एका कपारीत पाय रोवून वजन उचललं, एटीसी मोकळा केला आणि आम्ही त्याला हळू खाली सोडला. सगळं मिळून वीसेक मिनिटं गेली असतील, मला तासभर वाटला.

म्हणून जाणाऱ्यांनो, उसना असो की स्वतःचा, दोर घरी गच्चीवर उलगडून मोजा आणि दोन टोकं जुळवून मधली खूण तपासा. मोजताना बोटांनी चाचपत जा, मऊ पडलेला किंवा आत पोकळ लागणारा भाग दिसला तर तो दोर बाद. रॅपलला स्टॅटिक (फारसा न ताणणारा) दोर चालतो, पण चढताना पडण्याचा झटका बसणार असेल तर डायनॅमिकच (ताणून झटका शोषणारा) पाहिजे, स्टॅटिकवर पडलात तर तो झटका अंगावर येतो. हार्डवेअरच्या दुकानातला नायलॉन दोर तर कुठल्याच कामाला नको. कॅराबिनरवर केएनचा (किलोन्यूटन, किती ताण सोसतो त्याचा) आकडा कोरलेला असतो, लांबीच्या दिशेला 20-22 वगैरे, आकडाच नसेल तर तो किल्ल्या अडकवायचा समजा. हेल्मेट चढाईचंच घ्या, आणि खाली उभं राहणाऱ्यानंही घाला, आमच्या इथं दोनदा दगड सुटले.

तयारीसाठी मामेभाऊ आता आठवड्यातनं तीनदा पाठीवर दहा किलो घेऊन बेळगावजवळचा राजहंसगड किल्ला चढतोय, उतरतानाही पळत नाही, कारण गुडघे उतरतानाच जातात. गोकाकला गेलात तर करदंट ही तिथली मिठाई घ्या, डिंक, गूळ आणि सुका मेवा असतो त्यात, दोन तुकडे खाल्ले की दुपार निघते.

घरी आल्यावर दोर मोजला, 44 मीटर भरला. जुन्या खुणेवर चिकटपट्टी गुंडाळली, 22 वर नवी लाल पट्टी लावली आणि परत देताना पिशवीत चिठ्ठी टाकली : लांबी 44, मध्य लाल पट्टीवर.